सासूबाईंचा सहा

अब्बांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, "ह्यात जिंकतं कोण?"

मी म्हटलं, "कुणीच नाही."

"मंग हरतं कोण?"

"तेही कुणी नाही."

अब्बांनी गळ्यातली मापाची टेप काढली आणि परत गळ्यात घातली. ते विचारात पडले की असंच करायचे. मग म्हणाले, "मंग लाईट कशापायी जाळतीस?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी चिडले. मी तशी लवकर चिडते. भोरच्या पेठेत खाली अब्बांचं टेलरिंगचं दुकान आणि वर माळ्यावर माझा कॉम्प्युटर क्लास, अशी ती दोन हजार सालानंतरची वर्षं. इंटरनेट दुकानाच्या फोनवरून चालायचं. मी नेटवर बसले की फोन एंगेज, आणि मग बायका "माझा ब्लाऊज झाला का" हे विचारायला चालत दुकानात यायच्या आणि आल्या आल्या माझ्या नावाने खडे फोडायच्या. अब्बा त्यांना सांगायचे, "पोरगी इमान चालवतीय वर." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही.

विमान नव्हतं ते, यान होतं. पण ते नंतर.

नेटवर त्या वेळी एक जागा होती, जिथे जगभरातली रिकामटेकडी हुशार माणसं आपापले खेळ टाकायची. मोठ्या कंपन्यांचे चकचकीत खेळ नव्हेत. कुणीतरी आपल्या खोलीत बसून पाच-दहा पानांचे नियम लिहायचा आणि फुकट ठेवून द्यायचा. घ्या, खेळा, काय झालं ते सांगा. बहुतेक खेळ आकाशातले असायचे, दूरचे ग्रह, बंद पडलेली जहाजं, माणसासारखी बोलणारी यंत्रं. मी ते नुसतेच वाचत बसायची, कारण खेळायला माणसं लागतात आणि भोरमध्ये अशा गोष्टीला माणूस कुठून मिळणार. एक दिवस तिथे इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी दिसलं. 'मराठीत खेळू इच्छिणारे कोणी आहेत काय? खेळ स्वरचित आहे.'

स्वरचित. मी एकटीच हसले आणि लगेच उत्तर लिहिलं.

हे गृहस्थ बडोद्याचे. आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही, आवाजही ऐकला नाही. वय कळलं नाही, नोकरी हिशेबाची आहे एवढं कळलं. सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. आम्ही त्यांना बडोदेवाले म्हणायचो.

खेळ असा होता. एक जण सांगणारा. तो म्हणतो, तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर असं असं झालंय, आता काय करता? बाकीचे आपापलं सांगतात. मी दार उघडते, मी पळतो. ते जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर बोंबललं. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. लहानपणी ओट्यावर 'तू डॉक्टर, मी पेशंट' खेळायचो त्यातलाच प्रकार, फक्त आता आम्ही घोडे झालो होतो आणि चौघं चार गावांत होतो.

बडोदेवाल्यांच्या खेळात तीन माणसं एका दूरच्या ग्रहावर अडकलेली असतात. तिथली हवा संपत आलेली असते. डोंगरापलीकडे एक यान उभं असतं, तिथवर पोचायचं. पण यानात जागा दोघांचीच. पोचल्यावर तिघांनी एकेक फासा टाकायचा आणि ज्याचा आकडा सगळ्यात लहान तो मागे राहणार. मागे राहणाऱ्याला एक मान होता. यान उडालं की शेवटचं बोलणं त्याचं. त्याने हवा तितका वेळ सांगायचं, आणि मध्ये कुणी एक अक्षर लिहायचं नाही. हे सगळं त्यांनी आधीच उघड सांगितलं होतं. 'खेळाचा शेवट करुण आहे, याची कृपया नोंद घ्यावी.' बडोद्यातली मराठी माणसं लग्नपत्रिकेसारखी बोलत असावीत.

तीन खेळाडू हवे होते. मी माझ्या कॉलेजातल्या दोघांना ओढलं.

एक मास्तर. तो पासलीला शाळेवर होता. पासलीत तेव्हा फोनची रेंज यायची झाली तर एका विशिष्ट दगडावर, इंटरनेट तर लांबची गोष्ट. म्हणून दर रविवारी दुपारी तो एसटीने वेल्ह्याला उतरायचा आणि तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात एकुलता एक कॉम्प्युटर होता त्याच्यापुढे बसायचा. रविवारी वेल्ह्यात माणसांना काही काम नसतं. मास्तर काय टाईप करतोय हे बघायला चार जण त्याच्या पाठीमागे उभे राहायचे, आणि थोड्याच दिवसांत ते सल्ले द्यायला लागले.

दुसरी विंझरची. तिच्यामुळेच हे सगळं लिहितेय. कॉलेजात असताना ती विंझरहून नसरापूरला वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपने यायची आणि तिथून एसटीने भोरला. जीपमध्ये आत जागा असली तरी ही मागच्या पायरीवर उभी. वारा खात यायची. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही, लेक्चरला बसायची ती सुद्धा पाय हलवत. लग्न होऊन पुण्यात गेली. आणि मी ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी ती एका खाटेवर डाव्या कुशीवर झोपून होती. पोटात बाळ होतं. त्याआधी एकदा चौथ्या महिन्यात सगळं गेलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं की बाळंत होईपर्यंत उठायचं नाही. अंघोळीपुरतं, तेही धरून. महिनोन्‌महिने. बाळ राहील का, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता आणि तो कुणीही मोठ्याने विचारत नव्हतं. नवऱ्याने ऑफिसातला जुना लॅपटॉप आणून स्टुलावर ठेवून दिला होता. आठवडाभर ती भिंत बघायची आणि रविवारी दुपारी आमच्याबरोबर दुसऱ्या ग्रहावर यायची.

"बडोदेवाल्यांना माझं काय बी सांगायचं न्हाई," तिने मला आधीच बजावलं होतं. "घरात सगळी जपतात तेवढं बास झालं."

म्हणून आम्ही सांगितलं नाही.

खेळात मी मेकॅनिक झाले. खऱ्यात मला सायकलची चेन बसवता येत नाही. मास्तर डॉक्टर झाला, कारण शाळेत पोरांच्या गुडघ्यांना हळद लावायचा त्याला अनुभव होता. विंझरवाली वाटाडी झाली. पुढे जाऊन वाट काढणारी. बडोदेवाले विचारायचे, 'समोर उभा कडा आहे. आपण काय करता?' मी आणि मास्तर अजून विचार करतोय तोवर तिचं उत्तर आलेलं असायचं. 'चढते.' दरी आली, 'उडी मारते.' खड्डा आला, 'उतरते.' तिच्या ओळी इतक्या वेगात यायच्या की बडोदेवाल्यांना लिहावं लागायचं, 'कृपया इतरांसाठी थांबावे.'

आता फाशांचं. चौघं चार ठिकाणी, फासा आपापल्या घरात पडणार, मग खोटं कुणी बोलणार नाही कशावरून? बडोदेवाले हिशेबातले, त्यांनी नियमातच घालून ठेवलं होतं की प्रत्येकाने एक साक्षीदार नेमावा, आणि साक्षीदार खेळातला नसावा. वेल्ह्यात साक्षीदारांची कमी नव्हती. माझे साक्षीदार अब्बा.

अब्बांना साक्षीदार नेमणं ही माझी घोडचूक. ल्युडोचा फासा मी टेबलावर टाकायची आणि अब्बा चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन वाकून बघायचे. एकदा फासा की-बोर्डला टेकून तिरका राहिला. एक म्हणावं की पाच, दोन्ही जमलं असतं. मी म्हटलं, "पाच."

"येक," अब्बा म्हणाले.

"अब्बा, अहो निम्मा पाच आहे."

"कापड निम्मं कापून चालत न्हाई. येक म्हंजे येक."

आणि त्या एकापायी माझ्या मेकॅनिकचा हात यंत्रात सापडला. बापाला दया नाही. माझे आकडे कायम एक, दोन, फार झालं तर तीन. मास्तरचे बरे पडायचे. आणि विंझरवालीचे सहा. दर वेळी सहा. कडा चढली, सहा. दरीवरून उडी मारली, सहा. वादळात दोरी धरली, सहा. मी मनातून फार जळायची. बडोदेवाल्यांनीही एकदा लिहिलं, 'आपल्या फाशावर ईश्वराची विशेष कृपा दिसते.'

तिच्या साक्षीदार म्हणजे तिच्या सासूबाई. सुरुवातीला फासा तीच टाकायची, स्टीलच्या ताटलीत. एकदा तो ताटलीतून उडून खाली गेला आणि ही सवयीने त्याच्यामागे वाकली. सासूबाईंनी धावत येऊन तिला धरलं. त्या दिवसापासून ताटली तिच्या पाठीमागच्या टेबलावर गेली. सासूबाई फासा टाकायच्या, सासूबाई बघायच्या आणि सासूबाई सांगायच्या. ही डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे, ऐकून टाईप करणार. म्हणजे खेळाडू पण सासूबाई आणि साक्षीदार पण सासूबाई. आमच्यापैकी कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही, यावरून आमची अक्कल समजून घ्या.

पावसाळा सरला, भातं कापून झाली आणि आम्ही डोंगर ओलांडून यानापाशी पोचलो.

त्या रविवारची मी जय्यत तयारी केली होती. माझे फासे बघता मागे मीच राहणार हे उघड होतं. मरताना बोलायचं भाषण मी आठवडाभर घोकत होते. त्यात ताऱ्यांचा प्रकाश होता, मैत्री होती, शेवटी एक शेर पण होता. लाईट जायची वेळ होती म्हणून यूपीएस चार्ज करून ठेवला. अब्बांनी सुद्धा जेवण लवकर उरकलं, वरवर मात्र म्हणाले की आज कापायला काही नाही म्हणून बसतो.

'यानात आसने दोन आहेत,' बडोदेवाल्यांनी लिहिलं. 'कृपया फासे टाकावेत.'

मी टाकला. अब्बा वाकले. "चार," ते म्हणाले आणि स्वतःच चकित झाले.

मास्तरचे तीन. मास्तरने लिहिलं, 'वेल्हेकर म्हणतायत, डॉक्टर गेला तर गेला, पण सरकारी असेल तर त्याच्या बदली दुसरा मिळंल.' आम्ही सगळे निवांत होतो. विंझरवालीचा सहा येणार आणि मास्तर मरणार, एवढंच बाकी होतं.

मग तिकडून आलं, 'एक.'

नुसतं तेवढंच.

खोटं कशाला सांगू, खेळ आहे हे कळतं हो, पण ती तिकडे खाटेवर पडलेली, सगळं घर एका जिवासाठी श्वास धरून बसलेलं, आणि इथे आम्ही तिला म्हणणार की तू राहा आणि मर? मी काही विचार न करता लिहिलं, 'सरकू थोडं. तिघं बसू.'

मास्तरने लगेच री ओढली, 'व्हय. दोन सीटवर तिघं म्हणजे काय लई न्हाई.'

'आसने दोनच आहेत,' बडोदेवाले म्हणाले.

आता हे वाक्य तुम्ही बडोद्यात बोलू शकता. नसरापूर-वेल्हे रस्त्यावर ज्याने आयुष्य काढलं त्याला ते समजतच नाही. आमच्याकडे गाडी भरते, पण भरली असं कुणी म्हणत नाही. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला दोघं असतात आणि उजव्या बाजूला सुद्धा एक असतो, दाराला चिकटून, आणि ड्रायव्हर त्याच्या पोटावरून हात घालून स्टिअरिंग फिरवतो. हे मी बडोदेवाल्यांना सविस्तर लिहून कळवलं.

'हे यान आहे. जीप नव्हे,' त्यांचं उत्तर आलं. 'हवा दोघांपुरतीच आहे.'

'वेल्हेकर म्हणतायत, काच जरा खाली घ्या,' मास्तर.

'बाहेर हवा नाही.'

'मग तिला टपावर बसवा म्हणतायत. पोरगी काटक हाय.'

'टपावर बसल्यास त्या जळून जातील.'

'हळू चालवू म्हणावं.'

अब्बा माझ्या खांद्यावरून वाचत होते. ते म्हणाले, "त्यास्नी सांग, तू आन मास्तर बारीक हाय. मापं देतो पायजे तर." मी तेही लिहिलं. माझ्या कमरेचं माप बडोद्याला गेलं.

बडोदेवाले काही लिहीत होते, पण आम्ही दोघं होतो आणि वेल्हेकर धरले तर सहा-सात, शिवाय अब्बा. मी लिहिलं, 'मी तिला आत ओढते.' मास्तरने लिहिलं, 'मी दार लावतो.' मी लिहिलं, 'यान चालू केलं. उडालं.' वेल्ह्यात टाळ्या पडल्याचं मास्तरने कळवलं. अब्बांनी टेप गळ्यात घातली. माझं भाषण फुकट गेलं होतं, तरी मला फार बरं वाटत होतं. तीन माणसं, दोन सीटं, कुणी मेलं नाही. करुण शेवट म्हणे.

मग मी बघितलं, विंझरवाली मघाशीच निघून गेली होती. काही न लिहिता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन वाजला. अब्बांनी उचलला, "हां बेटा, हां," केलं आणि रिसीव्हर लांब धरून मला दिला. तिचा आवाज रिसीव्हरमधून दुकानभर ऐकू येत होता.

"कुणी सांगितलं व्हतं मला आत ओढायला?"

मी म्हटलं, "अगं, तू मेली असतीस."

"मंग मेले असते. तितं मेली असती ती पोटुशी बाई न्हवती. वाटाडी व्हती. कडे चढलेली." मग जरा थांबून म्हणाली, "तुला माहितीय का, माझं ते सहा सगळं खोटं."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं. पहिल्या काही दिवसांतच तिला समजलं होतं. ताटलीत फासा वाजायचा थांबायच्या आतच मागून सासूबाईंचा आवाज यायचा, "सहा." फासा अजून गिरक्या घेतोय आणि ह्यांचा सहा पडलेला. सुनेने घाबरू नये, तिला धक्का बसू नये, म्हणून त्या माउलीने सगळे कडे, दऱ्या आणि वादळं सहाने पार करून दिली होती. हिने कधी बोलून दाखवलं नाही. पण शेवटच्या रविवारी तिने हट्ट धरला की ताटली माझ्या डोळ्यांसमोर ठेवा, फासा मी टाकणार. सासूबाई नाइलाजाने ताटली धरून उभ्या राहिल्या. आणि एक पडला.

"तेवढा एकच खरा पडला माझा," ती म्हणाली. "काय बी करायचं ते मला करायचं व्हतं. आन तुमी काय केलं? दार लावलं. हितं सासूबाई फासं फिरवतात, तितं तुमी यान फिरवता. पोट माझं, फासा माझा, आन ठरवणार सगळं गाव."

"सासूबाई वाईट नाहीत गं," मी उगाच म्हटलं.

"वाईट न्हाईत तेच तर लई अवघड हाय. वाईट असत्या तर भांडले असते." आणि फोन ठेवला.

मी चिडले. आधी तिच्यावर, मग मास्तरवर, मग बडोदेवाल्यांवर, कारण असला खेळ त्यांनीच लिहिला होता. त्याच दुपारी त्यांना एकट्यांना गाठलं आणि तिने बजावूनही सगळं सांगून टाकलं. तिची खाट, आधीचं गेलेलं, डॉक्टर, सासूबाईंचा सहा, सगळं. शेवटी लिहिलं, 'आता तुम्हीच सांगा, अशा बाईला आम्ही मरायला मागे कसं सोडणार होतो?'

मला वाटलं, त्यांना लाज वाटेल. मग त्यांचं उत्तर आलं. 'हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कदाचित मीही आपल्यासारखेच केले असते. पण त्यांना काय हवे, हे आपण त्यांना विचारले होते काय?'

नव्हतं विचारलं. सीट दोन की तीन यावर आम्ही वेल्हेकरांचा सल्ला घेतला, अब्बांचा घेतला, माझ्या कमरेचा घेतला. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि खाली जाऊन अब्बांच्या हातातली कात्री काढून उगाचच चिंध्या कापत बसले.

मग तिला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "मला मागं राहू द्या." पुढच्या रविवारी आम्ही यान परत खाली उतरवलं. बडोदेवाल्यांनी तसा नियम नसताना परवानगी दिली, 'अपवाद म्हणून.' मास्तरने वेल्हेकरांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवशी ते सल्ले देत नव्हते. तिचा एक तसाच राहिला. मी आत बसले, मास्तर आत बसला, मागच्या वेळी तिला कोंबलेली मधली जागा मोकळी. दार तिने बाहेरून लावलं. यान उडालं.

'यान दिसेनासे झाले,' बडोदेवाल्यांनी लिहिलं. 'आपण एकट्या आहात. आपण काय करता?'

आणि नियमाप्रमाणे आम्ही सगळे गप्प बसलो.

'उठते,' तिने लिहिलं.

मला वाटलं, आता शेवटचं भाषण येणार. माझं तर अजून पाठ होतं. पण पुढची ओळ आली, 'चालायला लागते.'

मग ती चालत राहिली. दुसरं काही नाहीच. ओळीमागून ओळ, सावकाश. पायाखाली खडे लागतात. बूट काढते. चढ लागला. दम लागलाय पण थांबत नाही, थांब म्हणणारं कुणी नाही. आता उभी राहिले. बसत नाही, नुसती उभी राहते. परत निघाले. डाव्या हाताला ओढा लागला, पाय बुडवते. त्या ग्रहावर पाण्याचा थेंब नव्हता, बडोदेवाल्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण ते गप्प राहिले आणि आम्हीही राहिलो. ओढ्यानंतर आंब्याचं झाड आलं, मग एक वळण, मग उताराचा रस्ता, आणि मला कळलं की ही नसरापूरच्या रस्त्याला लागलीय आणि विंझरला घरी निघालीय. चालत चालत.

लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला. अब्बा खालून वर आले. "काय करतीय ती?"

"चालतीय."

"मरती कवा?"

"माहीत नाही. चालतेच आहे."

अब्बांनी स्टूल ओढलं. "चालू दे," ते म्हणाले. मी त्यांना एकेक ओळ वाचून दाखवत होते. यूपीएसवर त्यांनी टॉवेल टाकला, ओरडणं जरा दबावं म्हणून.

शेवटी तिने लिहिलं, 'बास. लई चालले आज. पाय दुखले.'

खेळ तिथे संपला. ती मेली की नाही हे बडोदेवाल्यांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त 'आभारी आहे' असं लिहिलं, आणि लग्नपत्रिका असो नसो, मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

बाळ राहिलं. दिवस भरून मुलगी झाली, रडकी आणि ठणठणीत. बारशाला मी आणि मास्तर पुण्याला गेलो. बडोदेवाल्यांकडून कुरिअरने एक फासा आला होता, कुणी गिळू नये इतका मोठा लाकडी. सासूबाईंनी तो आधीच देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिला होता. त्या आम्हाला आग्रह करकरून वाढत होत्या. बुटक्या, गोऱ्या, हातात बांगड्या भरपूर. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला त्यांचा राग येत होता की माया, माझं मलाच कळत नव्हतं.

विंझरवाली माझ्याशेजारी पाय लांब करून बसली होती. त्या रविवारचा विषय निघाला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तुला एक सांगायचं राह्यलं. त्या दिवशी मी लिहिताना मोठ्यानं वाचत व्हते. ह्या ऐकत व्हत्या. ताटली पदरानं पुसत बसल्या व्हत्या."

"मग?"

"मंग मी वाचलं, पाय दुखले. तशा उठल्या, खाटंच्या पायथ्याला येऊन बसल्या, आन माझं पाय मांडीवर घेऊन चेपाया लागल्या. सुनंचं पाय, आगं. मी म्हणलं, आई, न्हाई ओ, मी कुठं चालले, मी हितंच हाय. तर मला म्हणल्या, गप पड. येवढं चालल्यावर दुखणारच."